नवजाताचे वजन : वारशाचे की वाट्याचे?

बाळाने पहिला टाहो फोडला की नाव ठेवण्याच्याही आधी त्याची एक नोंद होते, ती वजनाची. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय असो वा झरी जामणी तालुक्यातील एखादे प्राथमिक आरोग्य केंद्र, काट्याने दाखविलेला आकडा सर्वत्र एकाच रेषेशी ताडून पाहिला जातो. ही रेषा आहे अडीच किलोंची. तिच्या खालचे बाळ 'कमी वजनाचे' आणि वरचे 'सामान्य' अशी ही साधी विभागणी आहे. ती प्रथम सुचविली फिनलंडचे बालरोगतज्ज्ञ आर्व्हो युल्प्पो यांनी १९१९ मध्ये. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने ती स्वीकारली आणि ती जगभर रूढ झाली. युरोपातील बाळांवरून आखलेली ही रेषा आज पेनगंगेच्या आणि वर्धेच्या खोऱ्यातील बाळांचे भवितव्य जोखते आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीनुसार, वजनाची नोंद उपलब्ध असलेल्या भारतीय बाळांपैकी सुमारे १८ टक्के बाळे या रेषेखाली जन्मली. यापूर्वीच्या, २०१५-१६ च्या फेरीतही हे प्रमाण जवळपास तेवढेच होते. मधल्या काळात रुग्णालयांतील बाळंतपणे वाढली, गरोदर मातांसाठीच्या योजना वाढल्या. आकडा मात्र जागचा हलला नाही. साहजिकच एक प्रश्न पुन्हा पुन्हा डोके वर काढतो. आपली बाळे मुळातच लहान चणीची असतील काय? आई-वडील ज्या भूभागातून, ज्या वंशपरंपरेतून आले, त्याचाच हा परिणाम असेल, तर त्याला कुपोषण म्हणावे काय? अर्थशास्त्रज्ञ अरविंद पानगढिया यांनी २०१३ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मध्ये भारत आणि सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिका यांची तुलना करून, भारतीय मुलांच्या खुजेपणाचा काही भाग आनुवंशिक असावा आणि जागतिक मापदंड आपल्याला लागू पडत नसावेत, असा युक्तिवाद केला. त्यावर पुढे बराच वाद झाला. तो वाद वाढत्या वयाच्या मुलांविषयी होता. पण तोच प्रश्न जन्माच्या क्षणापर्यंत मागे नेता येतो, आणि यवतमाळसारख्या जिल्ह्यात तो केवळ पुस्तकी राहत नाही.

एका जिल्ह्यात अनेक मुळे

२०११ च्या जनगणनेनुसार यवतमाळची लोकसंख्या २७ लाख ७२ हजार आहे आणि जिल्ह्यात १६ तालुके आहेत. केळापूर, मारेगाव, झरी जामणी, घाटंजी, राळेगाव या पट्ट्यात कोलामांचे पोड आहेत. कोलाम हा महाराष्ट्रातील तीन विशेष दुर्बल आदिवासी गटांपैकी एक. कातकरी आणि माडिया गोंड हे उरलेले दोन. कोलामांची बोली द्राविडी कुळातील आहे. त्यांच्या शेजारी गोंड आणि परधान आहेत, पुसद-उमरखेडकडे आंध आहेत. पुसद, दिग्रस, दारव्हा भागात बंजारा तांडे आहेत. त्यांची गोरबोली मात्र राजस्थानी बोलींशी नाते सांगते. वणी परिसरातील कोळसा खाणींमुळे परप्रांतीय कामगारांची कुटुंबे येथे स्थिरावली, तर सीमेपलीकडच्या तेलंगणाशी सोयरिकी पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. कापसाच्या काळ्या जमिनीवर राहणारा शेतकरी समाज यांहून वेगळा. याचा अर्थ, एकाच जिल्ह्यातील, एकाच दिवशी जन्मलेल्या दहा बाळांच्या आई-वडिलांची मुळे शोधू गेल्यास ती भारताच्या चार कोपऱ्यांत सापडू शकतात.

या बाळांच्या वजनात फरक आढळला, तर त्याचा दोष अथवा श्रेय मुळांना द्यायचे की आजच्या जगण्याला? या प्रश्नाच्या उत्तरावर अंगणवाडीत कोणाला काय मिळावे, कोणत्या आईवर लक्ष ठेवावे आणि कोणते बाळ 'ठीक आहे' म्हणून सोडून द्यावे, हे ठरत असते.

नागपूरचा दाखला

या विषयातील सर्वांत मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासांपैकी एकाचे भारतातील केंद्र यवतमाळपासून दीडशे किलोमीटरच्या आसपास, नागपुरात होते, ही बाब विदर्भात फारशी चर्चिली गेलेली नाही. 'इंटरग्रोथ-२१' या प्रकल्पासाठी आठ ठिकाणे निवडण्यात आली होती : ब्राझीलमधील पेलोटास, इटलीतील ट्युरिन, ओमानची राजधानी मस्कत, इंग्लंडमधील ऑक्सफर्ड, अमेरिकेतील सिएटल, चीनमधील बीजिंगचा शुन्यी विभाग, केनियातील नैरोबीचे पार्कलँड्स उपनगर आणि मध्य नागपूर. निवडीची अट महत्त्वाची होती. ज्यांना पुरेसे अन्न, शिक्षण आणि वैद्यकीय सेवा मिळते, ज्या धूम्रपान करीत नाहीत आणि ज्यांना गर्भाच्या वाढीला बाधक असा आजार नाही, अशाच स्त्रिया त्यात घेण्यात आल्या. परिस्थितीचा अडसर दूर केल्यावर वंशाचा आणि भूगोलाचा किती फरक उरतो, हे पाहणे हा हेतू होता.

२०१४ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष बोलके होते. गर्भाच्या हाडांची वाढ आणि जन्माच्या वेळची लांबी आठही ठिकाणी बरीचशी सारखी होती. एकूण फरकापैकी ठिकाणामुळे पडणारा फरक साडेतीन टक्क्यांपेक्षा अधिक नव्हता. उरलेला सारा फरक त्या त्या ठिकाणच्या बाळाबाळांमधला होता. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी जे वाढीचे मापदंड जाहीर केले, त्यांच्या मुळाशी असलेल्या सहा देशांच्या अभ्यासातही असाच निष्कर्ष निघाला होता, आणि त्यातील भारतीय केंद्र दिल्ली होते.

तथापि येथे एक बारकावा आहे. लांबी सारखी असली तरी वजनाच्या बाबतीत ठिकाणाठिकाणांत फरक होता आणि नागपूरची बाळे तुलनेने हलकी होती. शिवाय सर्व संशोधकांचे यावर एकमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने दहा देशांत केलेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गर्भवाढीच्या अभ्यासात सुस्थितीतील स्त्रिया निवडूनही देशादेशांत गर्भाच्या अंदाजित वजनात फरक आढळला. अमेरिकेच्या राष्ट्रीय बाल आरोग्य संस्थेने २०१५ मध्ये त्या देशातील चार वांशिक गटांतील निरोगी गर्भवतींची पाहणी केली. त्यातही फरक दिसला. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात तर २०१२ मध्ये, आई जगाच्या कोणत्या विभागातून आली त्यानुसार जन्मवजनाचे वेगवेगळे आलेखच तयार करण्यात आले. दक्षिण आशियातून आलेल्या मातांची निरोगी बाळे स्थानिक आलेखावर उगाच 'खुरटलेली' ठरतात आणि त्यातून अनावश्यक तपासण्या होतात, असे त्या संशोधकांचे म्हणणे होते.

म्हणजे मुळांचा परिणाम अजिबात नाही असेही नाही, आणि तोच सर्वस्व आहे असेही नाही. खरा प्रश्न आहे तो परिणामाच्या आकाराचा आणि त्याच्या स्वरूपाचा. त्याचे सर्वांत स्पष्ट उत्तर महाराष्ट्रातूनच मिळाले आहे.

पुण्याजवळची सहा गावे

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातील सहा गावांतील स्त्रियांचा, त्या गरोदर राहण्याच्या आधीपासून, अभ्यास सुरू केला. इंग्लंडमधील साउदम्प्टन येथील संशोधक त्यात सहभागी होते. पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या गावांतील ६३१ बाळांची तुलना साउदम्प्टनमधील ३३८ बाळांशी करण्यात आली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार गावातील बाळाचे सरासरी वजन होते सुमारे २.७ किलो, तर साउदम्प्टनच्या बाळाचे ३.५ किलो. फरक सुमारे ८०० ग्रॅमचा.

पण हा फरक शरीरभर सारखा वाटला गेलेला नव्हता. पोटाचा घेर सर्वाधिक कमी होता, म्हणजेच यकृतासारखे पोटातील अवयव लहान होते. दंडाचा घेर, म्हणजे स्नायूही, बराच कमी होता. डोके आणि लांबी यांतील तूट त्या मानाने कमी. आणि पाठीवरील त्वचेखालची चरबी? ती मात्र जवळपास टिकून होती. वजन कमी, स्नायू कमी, पण चरबीचा वाटा अधिक, अशा या बाळाचे 'सडपातळ तरीही स्निग्ध' असे विचित्र चित्र पुढे आले. हीच ठेवण मोठेपणी मधुमेहाला वाट करून देते, असा याज्ञिक यांचा प्रतिपाद्य विषय आहे. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी आणि इंग्लंडमधील त्यांचे सहकारी जॉन युडकिन यांनी स्वतःचीच छायाचित्रे छापून हे दाखविले होते. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक सारखाच, २२.३, पण एकाच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर भारतीय संशोधकाच्या शरीरात २१.२ टक्के.

या गावांतील मातांची सरासरी उंची सुमारे १५२ सेंटिमीटर आणि गरोदरपणापूर्वीचे वजन ४२ किलोंच्या आसपास होते. ज्या स्त्रियांच्या आहारात हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध यांचे प्रमाण चांगले होते, त्यांची बाळे मोठी होती; शेतातील आणि घरातील कष्ट जितके अधिक, तितके बाळ हलके होते. ऋतूचाही परिणाम दिसला. हिवाळ्यात, सुगीच्या दिवसांत, आहार सुधारतो. गर्भारपणाचे शेवटचे महिने या काळात आले, तर बाळाचे वजन अधिक भरत होते. वंश तोच, गाव तेच, घरही तेच. तरी केवळ महिन्यांच्या हिशेबाने वजन बदलत होते. ज्याला आपण 'मुळातली चण' म्हणतो त्यातील बराच भाग असा पोटातून आणि पाठीवरच्या ओझ्यातून आलेला असतो.

स्थलांतराची साक्ष

वंश आणि परिस्थिती वेगळी करून पाहण्याची एक नैसर्गिक कसोटी स्थलांतराने मिळते. लोक नव्या देशात जातात, वंश तोच राहतो, परिस्थिती बदलते. पुढच्या पिढ्यांची बाळे कशी होतात?

१८७३ मध्ये 'लल्ला रुख' हे जहाज करारबद्ध भारतीय मजुरांना घेऊन दक्षिण अमेरिकेतील सुरिनाममध्ये पोहोचले. त्यानंतर १९१६ पर्यंत ३४ हजारांहून अधिक लोक, मुख्यतः आजच्या पूर्व उत्तर प्रदेश व बिहारमधील, तेथे नेण्यात आले. त्यांच्या चौथ्या-पाचव्या पिढीतील नवजातांची मापे घेऊन २००९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ही बाळे पुण्याच्या खेड्यांतील बाळांपेक्षा बरीच वजनदार होती; पण इंग्लंडच्या बाळांपेक्षा लहान होती आणि चरबी टिकवून धरण्याची ठेवण शंभरावर वर्षांनंतरही पुसली गेलेली नव्हती. इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या दक्षिण आशियाई कुटुंबांच्या दुसऱ्या पिढीतही जन्मवजनात फारशी वाढ झाली नसल्याचे २००२ मधील पाहणीत दिसले.

हा झाला मुळांच्या बाजूने पुरावा. आता उलट बाजू. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात रिचर्ड डेव्हिड आणि जेम्स कॉलिन्स या डॉक्टरांनी १९९७ मध्ये तीन गटांतील मातांच्या बाळांची तुलना केली. अमेरिकेत जन्मलेल्या गौरवर्णीय मातांच्या बाळांचे सरासरी वजन ३,४४६ ग्रॅम, आफ्रिकेतून आलेल्या कृष्णवर्णीय मातांच्या बाळांचे ३,३३३ ग्रॅम आणि अमेरिकेतच जन्मलेल्या कृष्णवर्णीय मातांच्या बाळांचे ३,०८९ ग्रॅम. वंश हेच कारण असते तर आफ्रिकेतून आलेल्या मातांची बाळे सर्वांत लहान असायला हवी होती; प्रत्यक्षात ती गौरवर्णीयांच्या बाळांच्या अधिक जवळ होती. २००२ मध्ये त्याच गटाने पुढची पिढी तपासली, तेव्हा या स्थलांतरित स्त्रियांच्या अमेरिकेत वाढलेल्या मुलींची बाळे हलकी झाल्याचे आढळले. मुळे तीच होती. भोवतालचा समाज बदलला आणि वजन घटले.

दोन्ही पुरावे एकत्र ठेवले तर एक गोष्ट उलगडते. शरीराची ठेवण पिढ्यान्‌पिढ्या रेंगाळते. पण जी गोष्ट रेंगाळते ती सारी जनुकांतूनच आलेली असते असे नव्हे. ज्या मुलीच्या वाट्याला बालपणी कमी अन्न आले, ती कमी उंचीची होते. तिचे गर्भाशय आणि शरीराचा साठा मर्यादित राहतो, तिचे बाळ लहान जन्मते. ते बाळ मुलगी असेल तर तेच चक्र पुन्हा फिरते. वारसा आहे, पण तो कमतरतेचा. तो मोडायला एक नव्हे, तर दोन-तीन पिढ्या लागतात.

बी आणि जमीन

आई आणि वडील यांचा वाटा समान असतो काय, यावरही विज्ञानाने बराच प्रकाश टाकला आहे. १९३८ मध्ये वॉल्टन आणि हॅमंड या संशोधकांनी अजस्र शायर घोडे आणि ठेंगणे शेटलंड तट्टू यांचा संकर केला. शिंगराच्या अंगी दोन्ही जातींचे गुण निम्मे निम्मे असणार होते. पण शायर घोडीच्या पोटी जन्मलेले शिंगरू मोठे आणि शेटलंड घोडीच्या पोटी जन्मलेले लहान निघाले. बीज कोणाचेही असो, गर्भाशय त्याला लगाम घालते. माणसांत स्त्रीबीज दान घेऊन झालेल्या गर्भधारणांवरील १९९५ च्या अभ्यासातही बाळाच्या वजनाचा संबंध बीज देणाऱ्या स्त्रीपेक्षा गर्भ वाढविणाऱ्या स्त्रीच्या शरीरमानाशी अधिक आढळला. वडिलांची उंचीही बाळाच्या आकारात उतरते; पण नऊ महिने ज्या शरीराचा साठा वापरला जातो, ते आईचे असते.

जनुकांचा वाटा नाकारण्याचे कारण नाही. २०१६ मध्ये दीड लाखाहून अधिक व्यक्तींच्या माहितीवरून जन्मवजनाशी निगडित ६० जनुकीय स्थाने शोधण्यात आली. २०१९ पर्यंत ती संख्या १९० वर गेली. तिबेट आणि अँडीज पर्वतातील मूळ रहिवाशांची बाळे, तेथे नव्याने गेलेल्यांच्या बाळांइतकी उंचीमुळे हलकी होत नाहीत, हे तर पूर्वजांच्या भूगोलाचा ठसा दाखविणारे ठळक उदाहरण. पण एका समाजात बाळाबाळांमधला फरक जनुकांमुळे पडतो, म्हणून दोन समाजांमधला फरकही जनुकांमुळेच असणार, हे तर्काला धरून नाही. यवतमाळच्या कापूस उत्पादकाला हे वेगळे सांगावे लागत नाही. एकाच पाकिटातील सरकी अर्धी काळ्या कसदार रानात आणि अर्धी बरड माळावर टोबली, तर प्रत्येक रानातील झाडाझाडांत दिसणारा फरक बियाण्याचा असू शकेल; परंतु दोन रानांमधला फरक जमिनीचाच असतो. पोडावरील बाळ आणि शहरातील बाळ यांच्या तुलनेत नेमकी हीच गल्लत होते. कोलाम आणि बिगर-आदिवासी यांच्यात केवळ पूर्वज वेगळे नसतात. जमीन, पाणी, दवाखान्याचे अंतर, लग्नाचे वय आणि रोजच्या ताटातील अन्न, सारेच वेगळे असते.

वेचणीचा हंगाम आणि पोटातील बाळ

यवतमाळमधील ग्रामीण स्त्रीचे वर्ष शेतीच्या कामांनी बांधलेले आहे. पावसाळ्यात निंदण, दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनची सोंगणी, त्यानंतर कापसाची वेचणी. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. त्यामुळे दिवस राहिले तरी वाकून वेचणे आणि ओटीत कापूस वाहणे थांबत नाही. त्यात पाणी आणि जळतण आणण्याचे कष्ट वेगळे. सोयाबीन आणि कपाशीचे क्षेत्र वाढले तशी ज्वारी शिवारातून हटली आणि ताटात रेशनच्या गहू-तांदळाने तिची जागा घेतली. अंबाडी, तरोटा, कुंजरा अशा रानभाज्या पावसाळ्यात मिळतात, उन्हाळ्यात ताट कोरडे पडते. दूध बहुधा विकण्यासाठी असते. पुण्याच्या गावांतील अभ्यासाने ज्या तीन अन्नघटकांना महत्त्व दिले, त्यांतील एकही वर्षभर खात्रीने मिळत नाही.

उंचीचा प्रश्नही येथे जोडलेला आहे. राष्ट्रीय सर्वेक्षणात १४५ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीची स्त्री बाळंतपणाच्या दृष्टीने जोखमीची मानली जाते. गर्भारपणापूर्वीचे वजन तर याहून मोलाचे. डायान कॉफी यांनी २०१५ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार गरोदर राहण्याच्या उंबरठ्यावरील ४२ टक्के भारतीय स्त्रिया कमी वजनाच्या होत्या. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत हे प्रमाण १६.५ टक्के होते. आफ्रिकेपेक्षा सधन असूनही भारतातील मुले खुजी का, या पानगढियांनी उपस्थित केलेल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

विदर्भात मात्र एक गोष्ट अशी आहे, जी खरोखरच मुळांशी निगडित आहे आणि तरीही दुर्लक्षित राहते. ती म्हणजे सिकलसेल. मलेरियाच्या प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या समाजांत हा जनुकीय दोष टिकून राहिला, आणि गोंड, परधान यांसारख्या आदिवासी समाजांत तसेच अन्य काही समाजांतही तो आढळतो. वाहक स्त्रीच्या बाळाला सहसा धोका नसतो. परंतु प्रत्यक्ष आजार असलेल्या गर्भवतीला रक्तक्षय, अपुऱ्या दिवसांची प्रसूती आणि कमी वजनाचे बाळ यांचा धोका बराच अधिक असतो. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक खेपेला बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. आई-वडिलांच्या मुळांची विचारपूस आरोग्यसेवेने करायचीच असेल, तर ती येथे करावी. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेचा उपयोग लग्नाआधीच्या आणि गर्भारपणाच्या पहिल्या तिमाहीतील तपासणीसाठी झाला, तर त्याचे फळ बाळाच्या काट्यावरही दिसेल.

दोन टोकांचे धोके

'आपली बाळे मुळातच लहान' हा युक्तिवाद मान्य करून मापदंड खाली आणला, तर आकडे एका रात्रीत सुधारतील. मात्र बाळ तेच राहील. आईची उंची, वजन आणि वंश पाहून प्रत्येक बाळासाठी वेगळी अपेक्षा ठरविणारे आलेख पाश्चात्त्य देशांत वापरले जातात. तेथील सुस्थितीत त्यांना काही अर्थ असेल. पण ज्या आईची उंचीच उपासमारीने खुंटली आहे, तिच्या उंचीनुसार बाळाची अपेक्षा कमी करणे म्हणजे एका पिढीवरील अन्याय दुसऱ्या पिढीचा नियम ठरविण्यासारखे आहे. कोलाम बाळासाठी वेगळी रेषा आखली, तर पोडावरील अंगणवाडीला 'सर्व काही ठीक' असे लिहिण्याची मुभा मिळेल, एवढेच.

दुसरे टोकही निर्धोक नाही. प्रत्येक लहान बाळ कुपोषित समजून त्याला लवकरात लवकर जाडजूड करण्याचा सोस धरला, तर पुण्याच्या अभ्यासाने दाखविलेली चरबी धरून ठेवणारी ठेवण त्या सोसाला बळी पडते. पहिली दोन वर्षे स्तनपान आणि सकस पूरक आहार यांना पर्याय नाही. पण पुढे गोड पाकीटबंद खाऊने वजन भरून काढणे म्हणजे आजचा आकडा सुधारून चाळिशीतील मधुमेह पदरात घेणे होय. याच अभ्यासातील दोनतृतीयांश मातांमध्ये ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता होती, आणि ब-१२ कमी पण फोलेट अधिक असलेल्या मातांच्या मुलांत सहाव्या वर्षी चरबी व इन्सुलिनला प्रतिरोध अधिक आढळला, हे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. केवळ लोह-फोलिक आम्लाच्या गोळ्या वाटून कर्तव्य संपत नाही, असा त्याचा इशारा आहे.

शिवाय अडीच किलोंची रेषा दोन वेगळ्या बाळांना एका पंक्तीत बसविते. एक, दिवस भरण्याआधी जन्मलेले; दुसरे, दिवस भरूनही न वाढलेले. दोघांची गरज वेगळी. पहिल्याला ऊब आणि श्वासाची काळजी हवी, दुसऱ्याच्या आईच्या आहाराचा आणि कष्टांचा विचार आधी व्हायला हवा होता. पाळीची तारीख नेमकी आठवत नाही, पहिल्या तिमाहीत सोनोग्राफी होत नाही, अशा ठिकाणी हा भेद करताच येत नाही.

काट्याच्या पलीकडे

लहान जन्मलेले बाळ जगू शकत नाही, हा समज महाराष्ट्रातच खोटा ठरला आहे. डॉ. अभय व राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीतील ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यदूतांमार्फत नवजातांची घरच्या घरी काळजी घेतली. तेथील ४० टक्क्यांहून अधिक बाळे कमी वजनाची होती. तरी तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी घटला, हे १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. २०११ पासून हीच पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर नेण्यात आली. वजन तातडीने वाढले नाही तरी जीव वाचविता येतात, याचा हा पुरावा.

वजन वाढविण्याचा मार्ग मात्र गर्भारपणाच्या आधीच सुरू होतो. मुंबईच्या वस्त्यांतील स्त्रियांना पालेभाजी, फळे व दूध यांपासून केलेला खाऊ रोज देण्याचा एक मोठा प्रयोग झाला; त्याचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. सरसकट सर्वांच्या बाळांचे वजन वाढले नाही. ज्यांनी गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधी खाऊ सुरू केला, त्यांच्या बाळांचे वजन सरासरी ४८ ग्रॅमने अधिक भरले. आणि अगदी कृश स्त्रियांना त्याचा लाभ कमी मिळाला. ४८ ग्रॅम हा आकडा लहान आहे. पिढ्यांची तूट काही महिन्यांच्या खाऊने भरत नाही, हेच तो सांगतो.

या कसोटीवर यवतमाळमधील योजना पाहिल्या, तर त्या बहुतेक उशिरा पोहोचतात. अनुसूचित क्षेत्रातील गर्भवतींना एक वेळचे चौरस जेवण देणारी अमृत आहार योजना २०१५ मध्ये सुरू झाली. मारेगाव, राळेगाव, केळापूर, घाटंजी या तालुक्यांतील जी गावे या क्षेत्रात आहेत, तेथे ती मोलाची आहे. पण ती गर्भारपण नोंदविल्यावरच लागू होते. २०१७ ची मातृवंदना योजना पहिल्या बाळासाठी पाच हजार रुपये देते; हंगामभराची वेचणी सोडून विश्रांती घ्यावी, इतकी ही रक्कम मोठी नाही. १५ नोव्हेंबर २०२३ रोजी जाहीर झालेल्या पीएम-जनमन अभियानात कोलामांचा समावेश आहे. त्यातील रस्ते, पाणी आणि फिरते दवाखाने हेसुद्धा जन्मवजनाचेच उपाय आहेत, असे मानून त्यांची अंमलबजावणी व्हायला हवी.

त्यासाठी फार मोठ्या संशोधनाची वाट पाहण्याची गरज नाही. पोडावरील आणि तांड्यावरील किशोरींची उंची, वजन व रक्त वर्षातून दोनदा तपासणे, नवविवाहितेला गर्भवती होण्याआधीच अंगणवाडीच्या आहारात सामावून घेणे, वेचणीच्या दिवसांत गर्भवतीला मजुरीची भरपाई देणे, पहिल्या तिमाहीत गर्भाचे वय निश्चित करणे, आणि बाळाच्या वजनाशेजारी त्याची लांबी, डोक्याचा घेर व आईची उंची एकाच नोंदवहीत लिहिणे, ही सारी कामे जिल्हा परिषदेच्या आवाक्यातील आहेत. अशा नोंदी दहा वर्षे नीट ठेवल्या, तर कोलाम, बंजारा, गोंड आणि शेतकरी कुटुंबांतील बाळांमध्ये वंशाचा फरक खरोखर किती आणि वाट्याचा किती, हे यवतमाळ जिल्हा स्वतःच सांगू शकेल. तोवर, ज्या आईला पुरेसे अन्न आणि विश्रांती कधी मिळालीच नाही, तिच्या बाळाच्या कमी वजनाचा जाब तिच्या पूर्वजांना विचारण्याचा अधिकार व्यवस्थेला पोहोचत नाही.